आईच्या ओव्यांमधली रिकामी जागा

शुक्रवारी दुपारी डब्यांची घाई ओसरली, तशी मंगला ओट्याला टेकून निहारच्या हातांकडे बघत राहिली. लॅपटॉप जागा व्हायचा, ठिपक्यांचं चक्र गरगर फिरायचं, मग निळा पडदा, मग काळोख. पुन्हा पहिल्यापासून. उंबऱ्याशी येऊन माघारी फिरणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची गत.

आत तिची आई होती.

आई श्रावणात वारली, तिकडं देवगडला. मंगलाच्या हाती विमानाचं तिकीट पडेस्तोवर चिता विझली होती. त्याआधी वर्षभर रोज सकाळी दिवाबत्ती झाली की दोघी लॅपटॉपवर समोरासमोर बसत. आईनं ओवी उचलायची, लेकीनं ती पुरी करायची, मधे जातं असल्यासारखं. ते सगळं याच यंत्रात साठवलेलं. दुसरीकडे कुठं म्हणून नाही.

निहार पुण्याचा. इथं आखातात अदलिया भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि गुदैबिया भागात मंगलाच्या घरी तिच्या हातचं जेवायचा. ओव्यांचं रेकॉर्डिंगही त्यानंच लावून दिलेलं.

"सेफ मोडमध्येसुद्धा बंद पडतोय, मावशी. सगळं पुसून नव्यानं टाकून बघता येईल."

"आणि आईचा आवाज?"

"तोही जाईल."

"मग नको रे बाबा. तो आत आहे एवढं तरी राहू दे."

लॅपटॉप उपडा करून निहारनं मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि धुपाचा वास आला. पंख्यावर काजळीची काळी, चिकट लोकर बसली होती.

"मावशी, हा ठेवता कुठं?"

"देव्हाऱ्याच्या फळीवर. आईला देव दिसायला हवेत ना."

"आणि समोर धूप, कापूर."

"रोजचं."

"आरती यानंच घेतली सगळी," निहार म्हणाला. तिचा चेहरा बघून पुढं म्हणाला, "गेला नाहीये अजून. गुदमरलाय."

त्यानं ब्रशनं पंखा मोकळा केला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं घासल्या. एक बसवली. निळा पडदा आला. ती काढून दुसरी बसवली. मंगलानं पदराचं टोक मुठीत धरलं.

चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि पडद्यावर देवगडचं अंगण उघडलं.

"आधी पेन ड्राइव्हवर घेतो," निहार म्हणाला. सगळं उतरून झाल्यावरच त्यानं आवाज लावला.

*सात पाण्यापल्याड गं, लेक माझी रांधते...*

मग काहीच नाही. नुसती खरखर, आणि लांब कुठं कोंबडा.

"बिघडलं का रे?"

"नाही मावशी." निहारचा आवाज खाली गेला. "माझ्याकडून चुकलं. मी फक्त तिकडचा आवाज धरला होता. तुमचा नाहीच यात."

त्या खरखरीतून आई म्हणाली, "हं. बरं म्हटलंस."

मंगला खाली बसली. वर्षभराच्या ओव्या, आणि प्रत्येकीत तिच्यापुरती जागा रिकामी. आई थांबायची, ऐकायची, हुंकार द्यायची, पुढची उचलायची.

"परत लाव," ती म्हणाली.

*सात पाण्यापल्याड गं, लेक माझी रांधते...*

खरखर सुरू झाली. मंगलाचा आवाज फाटका निघाला. तरी तिनं ओळ सोडली नाही.

*तिच्या चुलीची ऊब गं, माय पदरी बांधते.*

"हं," आई म्हणाली. "बरं म्हटलंस."