जाळी एल्दाची, कड नीवेसची

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे, पण माझ्या अंगावर पाऊस पडल्याला आता बरीच वर्षं झाली. मला कुणी उघडत नाही. मिटलेलीच उंच धरतात आणि माझ्यामागून चाळीसएक माणसं व्हेनिसच्या गल्ल्यांतून चालत राहतात. मी वळले की ती वळतात. मी पुलावर थांबले की तीही थांबतात आणि कालव्याचे फोटो काढतात. एवढा मान कुठल्या छत्रीला मिळतो? तरी खरं सांगते, आताशा वर जायची मला लाज वाटते. ती का वाटते, तेवढं सांगून मोकळी होते.

माझा जन्म व्हेनिसचाच. एका अरुंद गल्लीतल्या अंधाऱ्या दुकानात आन्झोलो नावाच्या कारागिराने मला घडवलं. मोठा तिरसट माणूस. शेजारचा न्हावी गप्पा मारायला आला की म्हणायचा, "तू बोल, मी ऐकतो. पण काड्यांना हात लावलास तर तुझ्याच कात्रीने तुझी मिशी उडवीन." त्याने मला पोलादी काड्या दिल्या, लाकडी मूठ दिली आणि कापडाला दुहेरी शिवण घातली. माझा घेर नेहमीच्या छत्रीपेक्षा मोठा निघाला, म्हणून मी बरेच दिवस दुकानात पडून राहिले. शेवटी बुरानो बेटावरच्या बेर्तोने मला नेलं. बेटाबेटांवर जाणाऱ्या बोटीवर धक्क्याला दोर टाकायचं त्याचं काम होतं.

त्याची बायको एल्दा मला बघून हसायलाच लागली. "एवढी मोठी? हिच्याखाली काय सगळी गल्ली उभी करणार आहेस?"

आणि झालंही तसंच. एल्दाच्या गल्लीतल्या बायका दुपारी घराबाहेर सावलीत खुर्च्या टाकून बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक घट्ट उशी, उशीवर कापडाला टाचलेला नक्षीचा कागद, कागदावर सुईने चाललेली लेस. पावसाची सर आली की बेर्तो मला उघडून धरायचा आणि बायका उश्या पोटाशी कवटाळून माझ्याखालून घरात पळायच्या. स्वतः भिजल्या तरी चालेल, लेसवर थेंब पडता कामा नये. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते.

या लेसची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. बुरानोत कुठलीच बाई सबंध लेस करत नसे. एकीने नक्षीची रेघ घालायची, दुसरीने पानं भरायची, तिसरीने त्यांच्यामधली जाळी, चौथीने उठावाची कड. शेवटी एकजण लेस कापडाला धरून ठेवणारे धागे कापून ती सोडवायची. जी लहानपणी जे शिकली, ते तिचं जन्माचं काम. एल्दा जाळी करायची, धुक्यासारखी बारीक. तिची मैत्रीण नीवेस कड करायची. काम पुरं झालं आणि घेणारा दारात आला, की सगळ्यात वयस्क बाई ती लेस हातावर पसरून एकेकीचं नाव घ्यायची. रेघ अमकीची, पानं तमकीची, जाळी एल्दाची, कड नीवेसची. नावं पुरी झाल्याशिवाय लेस कुणाच्या हातात जात नसे. दुसरीचं काम आपलं म्हणून सांगणारीच्या शेजारी कुणी खुर्ची टाकली नसती.

पुढे ती गल्ली ओस पडली. काहीजणी वारल्या, एक मुलाकडे राहायला गेली. राहिल्या एल्दा आणि नीवेस, दोघीच. सगळ्या असताना झालेल्या शेवटच्या कामाला, द्राक्षवेलीच्या नक्षीच्या एका लांब पट्टीला, घेणाराच आला नाही. ज्या लग्नासाठी ती करायला सांगितली होती ते लग्नच मोडलं. एल्दाच्या घराचा उंबरा उंच, भरतीचं पाणी तिच्याकडे शिरत नाही, म्हणून सगळ्यांनी ती तेव्हाच तिच्याकडे ठेव म्हणून दिली होती.

बेर्तो गेल्यावर मी खुंटीला लोंबकळत होते. एके दिवशी त्याची मुलगी फ्लाविया आली आणि मला घेऊन गेली. फ्लाविया शहरात राहते. पाहुण्यांना एका दिवसात व्हेनिस आणि आजूबाजूची बेटं दाखवून आणते. गर्दीत आपली माणसं चुकू नयेत म्हणून तिला काहीतरी उंच हवं होतं. तिने माझ्या टोकाखाली पांढऱ्या लेसची झालर बांधली. ती यंत्रावरची होती, बुरानोतल्याच रेन्झोच्या दुकानातून घेतलेली. एल्दाने तिला बोट लावलं मात्र आणि म्हणाली, "हे काय गं बांधलंस हिच्या गळ्यात?"

"लांबून दिसतं, आई."

"दिसतं खरं. मला तर डोळे मिटूनही दिसतंय."

तेव्हापासून ती झालर घालून बुरानोच्या धक्क्यावर उतरायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काय करणार? छत्रीला स्वतःचे कपडे निवडता येत नाहीत.

आमचा दिवस ठरलेला असतो. सकाळी शहरातले पूल. मग मुरानो बेट. तिथे भट्टीपाशी एक घामाघूम माणूस काचेच्या गोळ्याला चिमट्याने ओढून बघता बघता घोडा करतो. लोक 'वाहवा' म्हणतात, तो घोडा बाजूला ठेवतो आणि पुढच्या घोळक्यासाठी दुसरा गोळा घेतो. मग तोर्चेल्लो बेटावरचं जुनं चर्च, आणि जेवायच्या वेळेला बुरानो. तिथे फ्लाविया सगळ्यांना रेन्झोच्या दुकानाशी आणते.

रेन्झोच्या दुकानात माल खोक्यांतून येतो, हे अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. दारात एखादी लेस करणारी बाई बसली तर दुकान शोभेल, असं त्याच्या मनात आलं. फ्लावियाने आईला गळ घातली. "दिवसभर घरात भिंतींशी बोलत बसतेस. त्यापेक्षा माणसांत बस. आणि ती वेलीची पट्टीही लाव तिथे. पेटीत ठेवून कुणासाठी जपते आहेस?"

एल्दाचे डोळे अधू झाले होते, पण जाळी तिच्या बोटांना पाठ होती. ती म्हणाली, "बसते. पट्टी दाखवायची तर दाखवा, विकायची नाही. आणि नावं घ्यायची. जाळी माझी, बाकी जिची तिची."

फ्लावियाने कबूल केलं आणि सुरुवातीला तसं सांगितलंही. पण नावं घेईपर्यंत पाहुण्यांची तोंडं मलूल व्हायची. कुणी जांभई द्यायचं, कुणी विचारायचं, "म्हणजे नेमकं या आजींनी काय केलं?" बोटीची वेळ होत यायची. एकदा कोणीतरी पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "हे सगळं यांनी एकटीने?" आणि फ्लाविया इंग्रजीत म्हणाली, "हो, एकटीने." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्दाला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. तिने टाळ्या ऐकल्या, लाजून मान खाली घातली आणि लोक पांगल्यावर लेकीला म्हणाली, "बघ, नीट नावं घेतली की लोकांनाही कळतं."

त्यानंतर रोज तेच. रोज 'एकटीने', रोज टाळ्या. मी फ्लावियाच्या हातात सगळ्यांच्या वर, जणू काही मीच ग्वाही देते आहे. वाटायचं, वाऱ्याने उलटी होऊन कालव्यात पडावं. पण आन्झोलोच्या हातची छत्री इतक्या सहजी उलटत नाही.

आणि एके दिवशी नीवेस आली. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर फारशी पडत नसे. त्या दिवशी औषधं घ्यायला निघाली होती. दारात गर्दी बघून काठी टेकत मागे उभी राहिली. लिदो बेटावरच्या एका हॉटेलात तिने चादरी-टेबलक्लॉथ सांभाळण्यात बरीच वर्षं काढली होती, पाहुण्यांची भाषा तिला चांगली कळायची. फ्लाविया पाठमोरी होती. तिने पट्टीकडे हात केला आणि म्हणाली, "ही वेल, ही पानं, ही कड, सगळं या आजींनी एकटीने केलं आहे."

टाळ्या झाल्या. लोकांना बाजूला सारत नीवेस पुढे आली.

"काय गं एल्दे, वेलीची कडपण तूच केलीस म्हणे?" ती आपल्या बोलीत म्हणाली.

एल्दाने आवाज ओळखला. तिचा चेहरा खुलला. "नीवेस? किती दिवसांनी गं. आणि हे काय विचारणं झालं? कड तुझी. डोळे गेलेत माझे, डोकं नाही."

"मग ही तुझी पोरगी यांना काय सांगते आहे?"

एल्दाने मान वर केली. "फ्लाविया, काय सांगितलंस?"

फ्लावियाच्या तळहाताला घाम फुटला. माझी मूठ ओली झाली, म्हणून मला ते कळलं. तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलं, "या बाई काय म्हणताहेत?"

मित्रांनो, अजूनही खरं बोलता आलं असतं. पण फ्लाविया इंग्रजीत म्हणाली, "जुनी मैत्रीण आहे. आजींचं कौतुक करायला आली आहे." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी नीवेसलासुद्धा. दोघींचा एकत्र फोटोही काढला.

नीवेस काठीवर रेलून उभी होती. तिला शब्द न् शब्द कळला होता. एल्दाने चाचपडत तिचा हात धरला. "तुला येते ना यांची बोली? सांग ना, काय म्हणाली ही?"

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. नीवेसने मैत्रिणीकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या उशीकडे बघितलं. जाळी अर्धवट होती, टाके वाकडे पडले होते. एल्दाला ते दिसत नव्हते.

"म्हणाली, जाळी एल्दाची, कड नीवेसची," नीवेस सावकाश म्हणाली. "बाकीच्यांचीही नावं घेतली. एक विसरली नाही."

"विसरेल कशी? माझी पोर आहे," एल्दा म्हणाली.

नीवेस निघाली. फ्लावियापाशी क्षणभर थांबली आणि एल्दाला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाली, "हे तुझ्यासाठी केलं नाही."

परतीच्या बोटीत फ्लाविया मला मांडीवर आडवी घेऊन बसली होती. कुणी काही विचारलं तर दोन शब्दांत उत्तर देत होती. मध्येच तिने माझी झालर ओढून काढली आणि खिशात कोंबली. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झालर गेली तरी मी तीच छत्री होते ना, रोज खोटं बोलणाऱ्या हातातली.

दुसऱ्या दिवशी रेन्झोच्या दारात फ्लावियाने सगळी नावं घेतली. रेघ कोणाची, पानं कोणाची, जाळी एल्दाची, कड नीवेसची, लेस कापडावरून सोडवली कोणी. गेलेल्या बायकांची नावंही तिने गाळली नाहीत. पाहुणे पाय बदलत उभे होते. दोघेतिघे शेजारी बिस्किटं घ्यायला गेले. एकाने बोटीची वेळ विचारली. तिचं बोलणं संपलं आणि कुणी काहीच केलं नाही.

एल्दा सवयीने मान खाली घालून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आज कुणी टाळ्या नाही वाजवल्या. नावं घ्यायला विसरलीस का?"

"नाही, आई. आज सगळ्यांची घेतली."

एल्दाची सुई थांबली.

"आज?" ती म्हणाली.

एल्दाने सुई उशीत खोचली आणि उठली. रेन्झोला म्हणाली, "ती पट्टी काढ." तो म्हणाला, "अहो एल्दाबाई, आत्ता गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी काढू." ती म्हणाली, "काढ." त्याने काढली. तिने ती हातावर पसरली, बोटांनी कड चाचपली, मग घडी करून छातीशी धरली आणि भिंतीला हात लावत लावत नीवेसच्या घराच्या वाटेला लागली. लेकीकडे तिने वळूनही बघितलं नाही.

फ्लाविया तिच्यामागून जाऊ शकली नाही. चाळीस माणसं तोंड वर करून माझ्याकडे बघत होती, बोट सुटायची वेळ झाली होती. तिने मला वर उचललं आणि आम्ही उलट दिशेला, धक्क्याकडे चालायला लागलो. एवढी माणसं माझ्यामागून येत होती. मला पहिल्यांदाच वाटलं, यांनी माझ्यामागून येऊ नये.

आता एल्दा दुकानात बसत नाही. नीवेसच्या स्वयंपाकघरात दोघी असतात, पट्टी तिथेच आहे. फ्लाविया रविवारी आईकडे जाते. एल्दा तिला जेवायला वाढते, मासा गार होईल म्हणून रागावते, आणखी घे म्हणते. पण पूर्वी जेवताना ती दर रविवारी विचारायची, "लोकांना काय काय सांगितलंस?" ते आता विचारत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी अशा एखाद्या छत्रीमागून फिरायला जाल. जरूर जा. पण एखादी सुंदर वस्तू बघून ती कोणी केली असं विचारलंत, तर उत्तर लांबलं म्हणून घड्याळाकडे बघू नका. सगळी नावं ऐका, शेवटच्या नावापर्यंत उभे राहा. तुम्ही थांबलात, तर कुणा लेकीला आपल्या आईच्या देखत खोटं बोलावं लागणार नाही.