पेडण्याची बंद सूची

गोव्यात दुपारी एक ते चार देवसुद्धा डुलकी काढतात, अशी मनीषाची पक्की समजूत. डिचोलीतल्या रक्तदाता मंडळाची शोधयंत्रणा ती सांभाळायची. चार सर्व्हरवर तालुकावार सूच्या होत्या. रक्तगट टाकला की नाव नि नंबर हजर. एखाद्या सूचीत मोठी दुरुस्ती करायची तर ती तेवढा वेळ बंद ठेवावी लागे, आणि मनीषा हे काम नेमकं दुपारी काढी. शोधताना चूक दिसून लोक घाबरायला नकोत, म्हणून बंद सूची यंत्रणेने गुपचूप वगळावी अशी सोयही तिने केली होती. मोठी शहाणी!

त्या दिवशी पेडण्याची सूची बंद करून ती जेवायला बसते न बसते, तोच फोन वाजला.

"मॅडम, मी राजेश, मोप्याला विमानतळाच्या कामावर असतोय. बायको बाळंतपणात अडलीया, म्हापशाच्या दवाखान्यात. ओ निगेटिव्ह रक्त पायजे. तुमच्या साइटवर येतंय, आमच्या पेडण्यात एकबी दाता न्हाई. खरंच कुणी न्हाई?"

मनीषाच्या हातातला घास हातातच राहिला. "आहेत हो! फोन ठेवू नका!" तिने सूची उघडायला घेतली. सूची उघडायला एखादं मिनिट लागायचं; तेवढ्या वेळात मनीषाने स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या. मग नावं आली. "लिहून घ्या. भैरू चौगुले, मोपा..."

"भैरू?" राजेश ओरडलाच. "अवो, त्यानंच आमाला हितं आणलं! भाईर गाडीत झोपलाय! मोबाईलवर कुणीच न्हाई असं आलं, म्हणून मी त्याला इचारलंच न्हाई!" आणि तो धावत सुटला.

संध्याकाळी कळलं, राजेशची बायको शुभांगी सुखरूप आहे, मुलगी झाली. तेव्हा कुठे मनीषाला रडू फुटलं. मंडळ उभं करणारे कृष्णनाथकाका शेजारी येऊन बसले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"गो बाय," ते म्हणाले, "दुकान बंद आसा अशी पाटी लाव. माल ना अशें सांगूं नाका."

वगळण्याची ती सोय तिने तिथल्या तिथे काढून टाकली. हल्ली पेडण्याची सूची बंद असली की पडद्यावर मनीषाचा नंबर येतो, आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत: 'पेडण्यात दाते आहेत. फोन करा.'