व्याह्यांच्या टाकीतली हवा

सिद्धेश्वर धरणात पोहण्यात सोनाजींचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तरी पाण्याखालच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते.

तालुक्याच्या बचाव पथकासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायचं शिक्षण चाललं होतं. आपण पथकात जाणार, हे सोनाजी गावभर सांगून बसले होते, हीच पंचाईत. शिकवणाऱ्या राजनंदिनी मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, पण धाक सासूचा. त्यांनी वजनं बघून जोड्या लावल्या आणि सोनाजींच्या वाट्याला आले वैजनाथराव. साक्षात लेकीचे सासरे.

धडा साधा होता. हवा संपली की गळ्यावरून आडवा हात फिरवायचा. जोडीदार आपल्या टाकीची जादा नळी पुढं करतो, ती तोंडात धरायची आणि एकमेकांचा दंड धरून सावकाश वर यायचं. वैजनाथरावांनी खूण केली तेव्हा सोनाजींनी जादा नळी तर दिलीच, वर स्वतःच्या तोंडातलीही काढून पुढं केली. मुलीचा बाप तो, द्यायला मागं राहतो की काय! घ्यायची पाळी आली की मात्र घोडं पेंड खायचं. वैजनाथराव नळी पुढं करायचे, सोनाजी हात जोडायचे आणि थेट वर पळायचे.

"काका, असं वर पळालात तर फुप्फुस फाटेल!" मॅडम कडाडल्या. "नळी घ्यायला काय होतं तुम्हाला?"

"मॅडम, सत्यशीला दिली त्याला चार वर्षं झाली," सोनाजी खाली बघत म्हणाले. "नातवाचं तोंड बघेपस्तोर लेकीच्या घरचं पानी सुदिक घेत न्हाईत आमच्यात. हवा कशी घ्यावी?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "मग जोडीदार बदलते."

"नगं, नगं! इवाई बदलला म्हनून तालुकाभर बोभाटा होईल." वैजनाथराव शेजारीच उभे होते. त्यांचं तोंड उतरलं होतं.

तिसरी खेप शेवटची होती. पाच मीटर खाली सोनाजींनी गळ्यावरून हात फिरवला, नळी पुढं आली आणि सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. तेवढ्यात वैजनाथराव वाकले आणि त्यांनी चक्क सोनाजींचे पाय धरले. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पाया पडतोय! सोनाजींचा आ वासला, तोंडातली नळी निसटली आणि हवा खरोखरच गेली. वैजनाथरावांनी पंगतीत घास भरवावा तशी आपली नळी त्यांच्या तोंडात कोंबली. सोनाजींनी श्वास घेतला. मग दुसरा घेतला.

दोघं दंड धरून सावकाश वर आले. मॅडमनी "पास" म्हटलेलं दोघांनाही ऐकू गेलं नाही.

"चार वर्षं झाली, इवाई," वैजनाथराव धापा टाकत म्हणाले. "तुमी येता, कोरडेच जाता. मंग सून दोन दोन दिवस जेवत न्हाई. तुमाला ठावं हाय का?"

सोनाजींना ठाऊक नव्हतं. आपण मान राखतोय असंच ते समजत होते. त्यांना लाज वाटली.

"फोन लावा तिला," ते म्हणाले. "म्हनावं, बाप जेवायला येऊन राहिला."

वैजनाथरावांनी ओल्या हातानं फोन लावला, निरोप सांगितला.

"कोनाचा बाप?" सत्यशीलेनं विचारलं.