दोन बोटं कमी

टक्.

पाठीवरचं तिसरं हुक तुटलं, फरशीवर उडालं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. खोलीतल्या सगळ्या जणी श्वास रोखून होत्या, त्या तशाच राहिल्या.

"पोट आत घे," ताई म्हणाली.

"घेतलंय गं. आणखी घेतलं तर पाठीतून बाहेर येईल," धाकटी म्हणाली.

पलंगावर पाय पसरून बसलेल्या आत्याला हसू आवरेना. "कालच्या एका जेवणात एवढी फुगलीस होय?"

ताई मात्र हसली नाही. डाळिंबी पोशाखाच्या दोन कडा पाठीवर एकमेकींना भेटत नव्हत्या. तिने मधल्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन. नेमकी दोन.

सव्वाआठ वाजले होते. दहाला खाली हिरवळीवर लग्न.

लग्न म्हणजे तसं चार दिवसांचं. तळ्याकाठचं हे हॉटेल दोन्हीकडच्यांना सारखंच लांब, म्हणून निवडलेलं. पहिला दिवस ओळखीपाळखीचा, दुसरा आपल्या पद्धतीचा, तिसरा मुलाकडच्यांच्या पद्धतीचा, चौथा सगळ्यांनी मिळून जेवायचा. पत्रिका दोन लिप्यांत छापलेली. ती वाचून आत्याने विचारलं होतं, "एकाच माणसाशी दोनदा लग्न! मग उद्या भांडण झालं तर माहेरीही दोनदा यायचं का?"

आई गेली तेव्हा ताई पंधराची होती आणि धाकटी चार वर्षांची. तेव्हापासून धाकटीच्या अंगाला लागलेला प्रत्येक कपडा ताईच्या हातचा. टेप तिने कधी लावलीच नाही. वीत ठेवायची, चार बोटं मोजायची आणि कात्री चालवायची. "तुझं माप माझ्या हातात आहे," असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं. त्यांच्या घरची एक रीत होती: नवरीच्या पोशाखाला घरचीच सुई लागायची, बाहेरची नाही. म्हणून तीन वर्षं परदेशी नोकरी करणाऱ्या धाकटीने फोनवर, "माप पाठवू का गं?" असं विचारलं तेव्हा ताईला रागच आला होता. "आता तू मला माप सांगणार?"

आणि शिवणीच्या आत जादा कापडाचं मार्जिनही ठेवलं नव्हतं. ताईचं सगळं पोट या मार्जिनवर चाललेलं. धुलाईच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात तिचं मशीन होतं. लोकांचे घट्ट झालेले कपडे सैल करायचे, सैल झालेले बेताचे. ज्या शिंप्याने शिवणीत कापड सोडलेलं नसे त्याचा ती गिऱ्हाइकासमोरच उद्धार करी. आज तिने दोन्ही बाजूंच्या शिवणी उलटून पाहिल्या. आत फक्त दोऱ्यापुरतं कापड होतं. परक्यांसाठी ठेवायचं मार्जिन तिने आपल्या माणसासाठी ठेवलं नव्हतं.

कपाटाच्या दाराला उद्याचा पांढरा पोशाख टांगलेला होता. मुलाच्या आईने शिवून घेतलेला. तो काल धाकटीच्या अंगावर असा बसला, की आत्यासुद्धा गप्प झाली. नंतर खोलीत कुणी नसताना ताईने तो आतून उलटून पाहिला होता. कुठे वाकडी शिवण, कुठे लोंबणारा दोरा, काहीतरी सापडावं म्हणून. सगळं सरळ होतं. मार्जिन दीड इंच.

दार वाजलं. विहीणबाई आत आल्या. आईच्या जागी ताई, म्हणून नात्याने त्या ताईच्याच विहीणबाई. वयाने वीस वर्षांनी मोठ्या, तरी भाषा येत नसल्याने धाकटीचं ऐकून त्याही हिला "ताई" म्हणत. धाकटी त्यांना त्यांच्या भाषेत आई म्हणे. तो शब्द एवढासा, एका दमात संपणारा, पण गर्दीत कुठूनही ताईच्या कानावर पडे.

उघडी पाठ पाहताच त्यांना सगळं कळलं. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आकडे होते. छाती, कंबर, खांदा, बाही.

"माझं माप आहे," धाकटी हळूच म्हणाली. "गेल्या महिन्यात घेतलं होतं तिने."

ताईने कागद घेतला. आकडे बरोबर असणार हे तिला न मोजता कळलं. या बाईने आपल्या बहिणीच्या कमरेभोवती टेप धरली असेल, "हात वर कर" म्हणाली असेल, हिने केला असेल. दोघी हसल्याही असतील. ताईने कागदाची घडी होती तशी घातली आणि परत दिला.

विहीणबाईंनी मग गळ्यातला रेशमी रुमाल सोडला. डाळिंबीच. धाकटीकडून रंग विचारून मुद्दाम आजच्यासाठी घेतलेला. तो ताईपुढे धरून त्यांनी दोन बोटांनी कात्री चालवल्यासारखं केलं.

"म्हणतेय, यातून पट्टी काढ आणि काखेखाली घाल. कळणारसुद्धा नाही," धाकटीने सांगितलं.

"नको."

"ताई, अगं—"

"आपल्यात बाहेरचं चालत नाही."

"बाहेरची सुई चालत नाही. सुई तुझीच आहे की." धाकटी जरा थांबली. "आणि ती बाहेरची नाहीये गं."

"घे की बाई," आत्या म्हणाली. "वेळ काय, तू करतेस काय!"

"माझ्याकडे कापड आहे," ताई म्हणाली.

कापड होतं. आरशासमोर गिरक्या घेत होतं. ताईच्या सहा वर्षांच्या ठमीचा फ्रॉक त्याच ताग्यातला होता. मावशीचा हात धरून पुढे चालायचं म्हणून ठमी पहाटेपासून तो घालून बसली होती आणि पाणीसुद्धा जपून पीत होती.

"ठमे, इकडे ये. फ्रॉक काढ."

"का?"

"मावशीला लागतोय."

ठमीने मावशीकडे पाहिलं, मग फ्रॉककडे. "तिला होणार नाही."

"थोडासाच लागतोय गं."

थोडासा लागणार नव्हता. फ्रॉकच्या खालची दुमड पुरेना, तेव्हा कात्री घेरात शिरली आणि कमरेपर्यंत गेली. ठमी पेटीकोटवर उभी राहून बघत होती. तिने रडणं ओठात धरून ठेवलं होतं. विहीणबाईंनी रुमालाची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली, आणि बाहेर गेल्या.

ताईचा हात सुरेख चालला. दोन पट्ट्या, बारीक टाके, चाळीस मिनिटं. तुटलेल्याच्या जागी नवं हुक. सगळी हुकं लागली. धाकटीने हात वर केले, खाली केले, आरशात पाहिलं.

"छान बसलाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

ताई थांबली होती, ती पुढे आणखी काही म्हणेल म्हणून.

हिरवळीवर धाकटी एकटीच चालत आली. माणसं उठून उभी राहिली. पुढच्या रांगेत विहीणबाईंनी आपल्या शेजारच्या दोन खुर्च्यांवर हात ठेवून जागा धरली होती. कालचा पिवळा फ्रॉक घालून पुढे जायला ठमी तयार नव्हती, म्हणून मायलेकी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तिथून धाकटीची पाठ तेवढी दिसत होती. कुठे सुरकुती नव्हती. पट्टी कुठे आहे हे ताईलाही ओळखता आलं नसतं.

चालता चालता धाकटीने एकदा मागे वळून पाहिलं. ताईने हात वर केला, पण मध्ये कुणाचं तरी डोकं आलं.

ठमीने तिची बाही ओढली. आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, त्या आजी स्वतःहून देत होत्या ना? मग तू माझाच का कापलास?"