जित्तं पाणी

"देव हालना! देव हालना!"

गडवेबाबाच्या अंगणात एकच गलका झाला. धरणगावकडून रिक्षा भरभरून माणसं आली होती आणि जो तो पितळी गडवा पोटाशी धरून उभा होता. पाच दिवसांपूर्वी रांजणातून भरून नेलेलं नितळ पाणी, आणि आता त्यात काहीतरी वळवळत होतं. बायका गडव्याला हळदकुंकू लावत होत्या.

"पाणी जित्तं व्हयनं!"

मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. मी प्रेमराज, इथल्या उपकेंद्राचा आरोग्यसेवक. तापाच्या माणसाचं रक्त घ्यायचं, तारीख वहीत लिहायची, नमुना जळगावला पाठवायचा, हे माझं काम. स्वभाव संशयी. बायको म्हणते, कुणी राम राम केला तरी तुम्ही आधी त्याच्या खिशाकडे बघता. खरं आहे ते.

गडवेबाबाचे नियम कडक होते. पाणी त्याच्याच रांजणातलं हवं. गडवा रुग्णाच्या उशाशी उघडा ठेवायचा, झाकला तर देवाचा श्वास कोंडतो म्हणे! आणि पहिल्या दिवशीचा ताप बाबा बघतच नसे.

"कच्चा ताप शे, भाऊ. पिकू द्या. चौथा दिवसले या. तवपर्यंत डॉक्टरनी सुई लागली, ते मना मंत्र बाटस."

ताप म्हणजे काय आढीतला आंबा? पण चौथ्या दिवशी बाबा फुंकर मारायचा आणि एक-दोन दिवसांत ताप पळायचा. खरोखर पळायचा. तेच मला खटकत होतं.

त्या रविवारी मंजुळाअक्का नातीला घेऊन आली. दिपमाला आठवीत. आईबाप सुरतला कामाला, पोर आजीच्या भरवशावर. मी शुक्रवारीच तिचं रक्त घेतलं होतं. बाबाने फुंकर मारली, अक्काने गडवा भरून घेतला. मी आडवा आलो तर तिने तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी जळगावहून फोन आला. डेंग्यू. मी तसाच अक्काच्या घरी धावलो. ती कढईत रवा भाजत होती.

"ये प्रेमराज, परसाद ली जाय. कालदिन ताप उतरी गया. बाबाना गुण देख!"

"पोर कुठंय?"

दिपमाला भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळ थंड होतं, हातपायही गार पडलेले. पोट दुखतंय म्हणाली, तेही कसंबसं. सकाळपासून तीनदा उलटी झाली होती आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं होतं.

"अक्का, हिला आत्ताच्या आत्ता जळगावला न्यायचं."

"कसाले? ताप ते नही आते. सुई लागली ते देव कोपी."

एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी वही उघडली. "ही बघ अकरा घरं. ताप कधी आला, बाबाकडे कधी गेले. सगळे चौथ्या दिवशी. अक्का, हा ताप बहुतेक चार-पाच दिवसांत आपणहून उतरतो. आणि काही जणांचा खरा धोका तो उतरल्यावरच सुरू होतो."

"तुन्ही वही खरी नि बाबा खोटा?"

मी वही मिटली. "तू त्याच्याकडे पहिल्यांदा कधी गेली होतीस?"

"बेस्तरवारलेच. ताप उना तवयच."

"मग?"

"बोलना, चौथा दिवसले ये."

"ज्याच्या फुंकरीने ताप पळतो, त्याने पोरीला तीन दिवस जळू का दिलं?"

अक्काचा हात थांबला. रवा करपायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तो वाट देखत व्हता," ती हळूच म्हणाली. "ताप उतरानी वाट."

तिने गॅस बंद केला आणि पोरीला उचललं. निघता निघता मी गडव्यातलं पाणी काचेच्या बरणीत ओतलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं.

पोर वाचली. पाच दिवस सलाईनवर होती. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी अक्काच्या तोंडावर सांगितलं. अक्का तिथेच रडली.

दहा दिवसांनी ती स्वतः बरणी घेऊन बाबाच्या अंगणात गेली. मी मागे. बरणीत, फडक्याखाली, काळे डास भिरभिरत होते, पायांवर पांढरे पट्टे.

"बाबा, तुम्हना देवले पंख फुटनात!"

गर्दी हसली. बाबाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "कलियुग शे, माय. देव रूप बदलस."

"मंग सोडू का हाऊ बठ्ठा देव तुम्हना अंगवर?" अक्काने फडक्याच्या गाठीला हात घातला.

बाबा टुणकन दोन पावलं मागे सरकला. मला वाटतं, त्याच क्षणी त्याचा दरबार उठला.

मग मी रांजण दाखवला. तो कधी घासलाच नव्हता. डास काठाशी अंडी घालत होते, आणि नुकत्याच जन्मलेल्या अळ्या इतक्या बारीक की गडव्यात दिसायच्या नाहीत. पाच दिवसांत वाढल्या की देव हलायचा, आणि गडवा पुजून परत उशाशी जायचा. उशाशी डास निपजणार, घरात-गल्लीत ज्याला नवा ताप असेल त्याला चावणार आणि आठवड्याभराने तोच रोग घरातल्या दुसऱ्याला देणार. माझ्या वहीतल्या अकरा घरांपैकी सात घरांत दुसरा रुग्ण निघाला होता. पुढे कळलं, या बाबाचं नाव छगन. पूर्वी पाचोऱ्याकडे एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तापाचं वेळापत्रक त्याला माझ्याइतकंच पाठ होतं.

गावाने रांजण कोरड्या मातीत उलटा केला. मी घरी येऊन आमचा कूलर उघडला. त्यातही देव हलत होता! माझा संशय सगळ्या गावावर, फक्त स्वतःच्या घरावर नाही.

म्हणून सांगतो. साठवणीचं पाणी झाका आणि भांडं आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा. ताप आला की लगेच रक्त तपासा, आणि उतरला तरी दोन-तीन दिवस माणसावर डोळा ठेवा. कुणी म्हणालंच, चौथ्या दिवशी ये, तर मंजुळाअक्काला विचारायला उशीर झाला तो प्रश्न तुम्ही तिथेच विचारा: आज का नाही?