सातवा रकाना

फॉर्म तुम्हीही भरलेत आणि मीही भरलेत, मंडळी. प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असा असतोच, की तिथे येऊन पेन अडतं. एका गावातल्या मिशन रुग्णालयाच्या मोफत खाटेच्या फॉर्ममध्ये तो सातवा होता. 'ओळख देणाऱ्याचे नाव व सही', आणि खाली बारीक अक्षरात, 'वरील व्यक्तीस मी ओळखतो.' खिडकीतला कारकून फॉर्म उलटा फिरवायचा, सातव्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "एवढं भरून आणा." आणायचं कुठून, ते सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

पूर्वी ही सही कुणाचीही चालायची. पण मागच्या वर्षी दोन दुकानांचा मालक फाटका सदरा घालून आला, तीन आठवडे मोफत खाटेवर मजेत झोपला आणि बरा होऊन मोटारीतून घरी गेला! विश्वस्तांच्या बैठकीत रुग्णालयाच्या प्रमुखांची जी हजेरी घेतली गेली, ती ते विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: सातव्या रकान्यात सही विश्वस्तांची, नाहीतर खुद्द प्रमुखांची. त्यानंतर शेजारच्या तालुक्यातली सूतगिरणी बंद पडली, तिथली माणसं कामाच्या शोधात इकडे लोटली, आणि मोफत वॉर्डाच्या टोकाच्या चार खाटा स्वच्छ चादरी पांघरून रिकाम्या पडल्या. आजारी पुष्कळ होते. ओळखीचे कुणी नव्हते.

आता हे प्रमुख म्हणजे कुणी दगड नव्हते बरं का! ते याच आवारात वाढलेले. वडील इथले कंपाउंडर. लाल औषधाच्या बाटल्या, कार्बोलिक साबणाचा वास, पावडर चाळताना वडिलांनी गुणगुणलेलं भजन, सगळं त्यांच्या नाकाकानात अजून होतं. रविवारी चर्चमध्ये उभं राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला त्यांच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. आणि त्यांच्या खोलीत, खिडकीखाली, एक जुना सागवानी बाक होता. रुग्णालय ज्यांनी उभं केलं त्या जुन्या डॉक्टरसाहेबांचा. प्रमुखांनी तो पॉलिश करून घेतला होता, त्यावर पितळी पाटी ठोकली होती आणि मधोमध फुलदाणी ठेवली होती. त्यावर बसायची कुणाची टाप नव्हती. दर वर्धापनदिनी ते त्या बाकाविषयी बोलायचे आणि बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे. "डॉक्टरसाहेब रोज सकाळी याच बाकावर बसत. गावातल्या एकूण एक माणसाला ते ओळखत!" टाळ्या पडायच्या. खोटं नव्हतं त्यात काही. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कारकून फॉर्म घेऊन आत आला. खोलीत मेट्रनबाई चहा घेत बसल्या होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी या बाई रोज सकाळी येऊन बँडेजच्या घड्या घालायच्या आणि मग प्रमुखांच्या खोलीत हक्काने चहा मागायच्या. त्यांच्या हाताखालच्या नर्सा आज आज्या झाल्या होत्या, तरी बाईंची चाहूल लागली की पदर सावरायच्या.

"साहेब, दोघी बहिणी आहेत," कारकून म्हणाला. "चिंध्या निवडायचं काम करतात. धाकटीला न्यूमोनिया. सातवा रकाना कोरा आहे."

प्रमुखांनी नाव वाचलं. "मी या बाईला ओळखत नाही," ते म्हणाले आणि फॉर्म परत दिला.

कारकून गेला आणि पाच मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला. तपासणी विभागातली तरुण डॉक्टरीण होती. तिचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता. "सर, इंजेक्शन दिलंय मी, पण हिला ऑक्सिजन लावायला हवा. बाराला विभाग बंद होतो. घरी पाठवली तर रात्र निघणार नाही."

"तुमचं म्हणणं कळतंय मला. पण मी कशी सही करू? मी तिला ओळखत नाही!"

त्यांनी फोन ठेवला. मेट्रनबाई चहा फुंकत होत्या. नजर त्यांच्यावरच होती, आणि बाईंनी अशी नजर रोखली की प्रमुखांना लहानपणापासून धास्ती वाटायची.

तेवढ्यात थोरली बहीण स्वतःच दारात येऊन उभी राहिली. मागून कारकून "अहो बाई, अहो बाई" करत धावत आला. ती चाळिशीची, काटक. बोटांच्या टोकांना चिंध्यांची धूळ कायमची बसलेली.

"साहेब, माझ्या बहिणीला आत घ्या," ती म्हणाली. "मी मोरी घासते, कपडे धुते, सांगाल ते करते. पण तिला आत घ्या."

"हे बघा, नियम आहे," प्रमुख म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम मऊ ठेवला होता, आणि मऊ आवाजातला नकार फार वाईट असतो, मंडळी. "ओळख लागते. मी तुम्हाला ओळखत नाही."

ती वळली.

आणि मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला, मान वर केली आणि भर खोलीत, खड्या आवाजात म्हणाल्या, "कुकूचकू!"

कारकून दचकला. थोरली बहीण दारातच थबकली. प्रमुख तर बघतच राहिले. ऐंशीच्या घरातली ही बाई, जिच्या नुसत्या खाकरण्याने वॉर्ड शांत व्हायचा!

"बाई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? तीनदा झालं, साहेब. 'ओळखत नाही, ओळखत नाही, ओळखत नाही.' आवारात कोंबडा नाही, म्हणून मीच आरवले. गेल्याच रविवारी, शेकोटीपाशी उभं राहून कोंबडा आरवायच्या आत 'प्रभूला मी ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या त्या शिष्याची गोष्ट कोण वाचत होतं? काय आवाज लावला होतास रे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

तुम्हीवरून बाई तूवर आल्या होत्या. प्रमुखांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाई, ती गोष्ट वेगळी. मी खोटं नाही बोललो. मी खरंच ओळखत नाही यांना! खोटी सही करू? डॉक्टरसाहेब सगळ्या गावाला ओळखत होते, म्हणून त्यांना जमलं."

"कुणाला ओळखत होते?" बाई उठून उभ्या राहिल्या. "अरे वेड्या, ते परक्या मुलखातून आलेले. सुरुवातीला त्यांना आपली भाषासुद्धा धड येत नव्हती. 'दुखतं' म्हणायचं तर 'दिसतं' म्हणायचे! गावातल्या चिटपाखरालाही ते ओळखत नव्हते."

"मग... सह्या? जुन्या फायलींत पानोपानी त्यांच्या सह्या आहेत."

"म्हणून तर बाक!" बाईंनी फुलदाणी उचलली आणि टेबलावर आदळली. "खोटं लिहायचा त्यांना तिटकारा. म्हणून रोज सकाळी हा बाक स्वतः उचलून व्हरांड्यात न्यायचे. अनोळखी माणूस आला की त्याला शेजारी बसवायचे, दोन पत्र्याच्या मगांत चहा मागवायचे आणि बोलायचे. तुझे वडील ओरडायचे, 'साहेब, रांग वाढतेय!' तर म्हणायचे, 'वाढू दे. आधी ओळख होऊ दे, मग लिहितो.' प्रभू तरी कुठे आपली ओळखीची चिठ्ठी बघून आला होता, असं म्हणायचे. आठवत नाही तुला?"

आठवत होतं! एका झटक्यात सगळं आठवलं. व्हरांड्यातलं कोवळं ऊन. गुडघ्यावर फॉर्म घेऊन वाकलेले डॉक्टरसाहेब. शेजारी कुणीतरी मळक्या कपड्यांतलं, हातवारे करून सांगणारं, आणि दोघांचं हसणं. चौथीतल्या मुलाने दुरून हे पाहिलं होतं आणि समजूत करून घेतली होती की साहेबांची सगळ्यांशी जुनी ओळख असणार. चाळीस वर्षं त्यांनी ती समजूत जपली, पुसली, चकचकीत केली, तिला पितळी पाटी ठोकली. आणि बाक तेवढा आत आणून ठेवला.

त्यांचे डोळे भरून आले. वर्धापनदिनी यायचे तसे नव्हे. या वेळी लाज वाटून.

"धरा दुसरं टोक," ते कारकुनाला म्हणाले.

सागवान ते, जड! बाक दारात अडकला, चौकटीला खरचटला, पॉलिश गेलं. व्हरांड्यात बाक टेकवून प्रमुखांनी थोरल्या बहिणीला शेजारी बसायला सांगितलं. ती अगदी टोकावर टेकली. पुढे काय विचारायचं, हेच त्यांना सुचेना. माणसाशी फॉर्मशिवाय बोलून त्यांना फार दिवस झाले होते.

"सकाळपासून काही खाल्लंय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

चहा आला, पाव आला. हळूहळू ती बोलू लागली. आई लवकर गेली, धाकटीला हिनेच वाढवली. गिरणी चालू होती तेव्हा दोघी तिथे सूत तपासायच्या; आता चिंध्यांवर निभतं. डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने कापड ओळखते, असं ती म्हणाली, आणि नकळत तिची बोटं प्रमुखांच्या कोटाच्या बाहीवर गेली.

"हा कोट लोकरीचा म्हणून घेतलात का, साहेब?"

"अर्थात! अस्सल लोकर आहे."

"फसवलं तुम्हाला," ती गंभीरपणे म्हणाली. "निम्म्याहून अधिक नायलॉन आहे."

मेट्रनबाई खो खो हसल्या. कारकुनाने तोंड फिरवलं. आणि प्रमुख, ज्यांना वर्षभरात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून हसले. तीही हसली, पहिल्यांदाच. मग हसता हसता रडायला लागली. "तिला काही होणार नाही ना हो?"

त्यांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि सातव्या रकान्यात सही केली. 'वरील व्यक्तीस मी ओळखतो.' शब्द न् शब्द खरा होता. घड्याळात बाराला दहा कमी होते.

धाकटी टोकाच्या खाटेवर दोन दिवस तळ्यात मळ्यात होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी तिने उठून बसून बहिणीला दटावलं, की केस का विंचरले नाहीस म्हणून.

विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. "असं बाकावर बसून ओळखी करायला लागलात, तर पुन्हा कुणीतरी फसवील!"

"फसवील," प्रमुख म्हणाले. "कोटवाल्यानेही फसवलंय मला. पण एकाने फसवलं म्हणून शंभरांना दारात मरू द्यायचं, याला कारभार म्हणत नाहीत. चुकलं तर जाब मला विचारा, सही माझी आहे. सही त्यासाठीच असते."

मंडळी, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे बसलेलो आहोत. कुणाच्या हातात शिक्का, कुणाच्या हातात किल्ली. मोठ्या माणसांच्या आठवणी आपण फार निगुतीने पुसून ठेवतो, आणि ती माणसं जे करत होती तेवढं करायचं राहून जातं. 'ओळखत नाही' म्हणणं खोटं नसेलही, पण ते पाप आहे, कारण ओळख करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात!

तो बाक आता व्हरांड्यातच असतो, आणि त्यावर बसून जो ओळख करून घेईल त्याची सही चालते. पॉलिश पार उडालंय, चहाच्या कपांची वर्तुळं उमटलीत, पितळी पाटी बसणाऱ्यांच्या पाठीला टोचते म्हणून काढून टाकली. परवा एक परका म्हातारा खिडकीशी फॉर्म घेऊन गोंधळून उभा होता. कारकुनाने सवयीने सातव्यावर बोट ठेवलं, मग थांबला, खिडकी ओढून घेतली आणि बाहेर आला.

"या आजोबा, बसा इथे," तो म्हणाला. "चहा घेणार ना? आधी मला सांगा, तुम्ही कुठले?"