उशिराचा दाखला

थोरल्याने बाबांच्या उघड्या पलंगावर जपान मांडला तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीने. गोळ्यांचा डबा चीन झाला, वाफेचं भांडं फ्रान्स. समाचाराला आलेले शेजारचे घड्याळजी आणि त्यांची बायको माना डोलवत होती. धाकटी दाराला टेकून उभी होती.

"वेगवान गाड्यांचं जाळं म्हणाल तर चीनचं," थोरला रंगात आला होता. "बाकी सगळ्या देशांचं एकत्र केलंत तरी पुरं पडायचं नाही. फ्रान्सचं दुखणं वेगळंच. बघावी ती गाडी राजधानीकडे पळते."

दुखणं! धाकटीला हसू आवरेना. बाबांचं दुखणं चार महिने चाललं. तेवढ्यात हे गृहस्थ वेगवान गाड्यांची तुलना करणाऱ्या समितीबरोबर तीन देश पालथे घालून आले. घरी यायला साधी रात्रीची गाडी होती, ती मात्र साधली नाही. साधली ती बाबा गेल्यावर. त्याआधी फोनवर एवढंच, "अगं, गाडी चुकली."

बाबांनी छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली आणि घरात पोरांची वाक्यं. याच वाक्यावर ते हटकून अडायचे. "गाडी कशी चुकेल? ती आपल्या वाटेने गेली. चुकलात तुम्ही."

सकाळपासून थोरला तिच्या मागे लागला होता. "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का गं?" तिने दोनदा टाळलं होतं. विचारतानाचा त्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला, कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहून कागदावर शिक्का मागणाऱ्या माणसाचा.

"आणि खरी गंमत तर पुढे," तो सांगत होता. "जपानात गाडीला जरा उशीर झाला की स्टेशनवर छापील दाखला देतात. साहेबापुढे धरायचा. चूक रेल्वेची, आपण निर्दोष!"

"झकास! आमच्या गिऱ्हाइकांना द्यायला हवेत असे," घड्याळजी म्हणाले.

"दाखले राहू देत, आधी त्यांची घड्याळं द्या," बायकोने सुनावलं आणि नवऱ्याला उठवलं.

दार लागताच थोरला वळला. "आता तरी सांग."

"विचारत होते. दादा कुठवर आला म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, गाडी चुकली त्याची."

तो खाली बघायला लागला. "काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, अजून तसंच म्हणतो का?"

"हसले ना?" त्याचा चेहरा लख्ख उजळला. "म्हणजे रागावले नव्हते. मला माहीतच होतं! बाबा समजून घ्यायचे."

मिळाला याला दाखला, धाकटीच्या मनात आलं. इथे थांबता आलं असतं. आईने थांबवलंच असतं.

"मग भिंतीकडे तोंड केलं," ती म्हणाली. "पुन्हा तुझं नाव काढलं नाही."

तो पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "अगं, तिथून निघणं इतकं सोपं नव्हतं."

"कुठून? तीनपैकी कुठून?"

त्याचा हात नुसताच गोळ्यांच्या डब्याशी चाळा करत राहिला. आतल्या खोलीत आई खोकली. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"ऊठ," धाकटी म्हणाली, "आणि तो फ्रान्स दे इकडे. आईला वाफ घ्यायची आहे."